‘एन्शन्ट मॅरिनर’मधील अपुरे प्रायश्चित्त

सॅम्युएल टेलर कोलरिजची ‘द राइम ऑफ दि एन्शन्ट मॅरिनर’ ही सात भागांची कविता १७९८ साली ‘लिरिकल बॅलड्स’च्या आरंभी प्रसिद्ध झाली. अल्बाट्रॉस पक्ष्याची निष्कारण हत्या, जहाजावर ओढवलेला अनर्थ, पाणसर्पांना नकळत दिलेला आशीर्वाद आणि त्याच क्षणी वृद्ध खलाशाच्या गळ्यातून गळून पडलेला तो मृत पक्षी, या क्रमात पाप, पश्चात्ताप आणि मुक्ती अशी सरळ मालिका पाहण्याकडे टीकाकारांचा कल दिसतो. रॉबर्ट पेन वॉरन याने १९४६ साली हत्येला सृष्टीतील ऐक्याचा भंग मानून अशा अर्थाला तात्त्विक बैठक दिली. तथापि कवितेचा उत्तरार्ध या मालिकेत बसत नाही.

प्रथम शिक्षेचा विचार करावा. हत्येला दूषण देणारे सोबती धुके विरताच तिचे समर्थन करतात. त्यामुळे तेही अपराधात सहभागी झाले, असे १८१७ साली जोडलेल्या समासटीपा सांगतात. परंतु कवितेत त्यांचे भवितव्य फाशांवर ठरते. दोनशे खलाशी मृत्यूच्या वाट्याला जातात आणि मूळ अपराधी ‘जिवंत मरणा’च्या. टीपा न्याय सांगतात. फासे न्याय जाणत नाहीत.

प्रायश्चित्ताचेही तसेच. आशीर्वादाचा प्रसंग चौथ्या भागाच्या अखेरीस येतो, आणि पुढे पूर्ण तीन भाग उरतात. अजून प्रायश्चित्त शिल्लक आहे, असे अदृश्य वाणी बजावते. किनाऱ्यावर साधूपुढे कथा सांगितल्यावर मिळणारी सुटकाही तात्पुरतीच. अवचित वेदना उसळते आणि कथा पुन्हा सांगावी लागते. धर्मशास्त्रातील प्रायश्चित्त अपराधाच्या मानाने ठरते, आणि ते पुरे झाल्यावर मनुष्य पुन्हा व्यवहार्य होतो. येथे मान नाही आणि समाप्तीही नाही. ‘पेनन्स’ या शब्दाला मराठीत ‘प्रायश्चित्त’ म्हणताना हा भेद विसरता कामा नये.

नायक स्वतः काही करीत नाही, त्याच्यावर सारे घडत जाते, असा दोष वर्डस्वर्थने १८०० साली दाखविला होता. निरीक्षण अचूक आहे; पण तो दोष नसून कवितेचा गाभा आहे. ज्या आशीर्वादाने शाप सैलावतो, तोदेखील त्याने संकल्पपूर्वक दिलेला नाही.

मग अखेरच्या भूतदयेच्या उपदेशाचे काय? या कवितेत नीतीचा उपदेश फार झाला, असा अभिप्राय कोलरिजच्या नावे १८३५ सालच्या ‘टेबल टॉक’मध्ये नोंदलेला आहे. परंतु तो उपदेश खलाशाच्या तोंडचा आहे, हे महत्त्वाचे. त्याच्या दृष्टीने तो खरा आहे. मात्र त्याने त्याचा हिशेब फिटत नाही. याची साक्ष श्रोताच देतो. सर्व जीवांवरील प्रेमाचा बोध ऐकूनही तो लग्नघरात न जाता दारातूनच परत फिरतो. खलाशाचे ओझे उतरत नाही. ते ऐकणाऱ्याच्याही खांद्यावर येते. बोधापेक्षा हे संक्रमणच कवितेचे अंतिम विधान होय.