‘मालकी तुमचीच’ : एका करारवाक्याची चिकित्सा

सॉफ्टवेअर-सेवांच्या वापरशर्ती भाषेचा नमुना म्हणून कोणी वाचीत नाही. आणि म्हणूनच त्यांची भाषिक चिकित्सा अगत्याची वाटते. उदाहरणादाखल फेसबुकच्या शर्ती घेऊ. आरंभ आश्वासक आहे : वापरकर्त्याने निर्मिलेल्या मजकुराची मालकी त्याचीच राहते. विधान खरे आहे. परंतु लगेच तोच वापरकर्ता कंपनीला एक परवाना ‘देतो’. आणि सारा प्रश्न या क्रियापदाचा आहे.

मराठीत ‘देणे’चे दोन अर्थ सहज वेगळे राहतात. वस्तू दिली की ती आपल्याजवळ उरत नाही. परवानगी दिली तर आपले काही जात नाही. येथे कसबा बावड्यात राजाराम कारखान्याला ऊस घालणारा शेतकरी ऊस गेला हे जाणतो, आणि म्हणूनच वजन व दर यांविषयी जागरूक असतो. कविता मात्र दिल्यावरही कवीजवळ राहते. त्यामुळे काही दिले गेले याची जाणीवच त्याला होत नाही. करार बोलतो परवानगीच्या अर्थाने, परिणाम साधतो बराचसा वस्तुदानाचा.

हे साधते विशेषणांनी. परवाना हस्तांतरणीय, उपपरवाना देता येण्याजोगा, मोबदल्याविना आणि जगद्व्यापी असतो. (‘अनन्य नसलेला’ हे एकच विशेषण लेखकाच्या बाजूचे, मजकूर अन्यत्र छापण्याची मुभा त्यामुळे टिकते.) विशेषण नामाची व्याप्ती मर्यादित करते असे आपण शिकवितो, येथे प्रत्येक विशेषण ती वाढवीत जाते. यामागचे कारण कायद्यात सापडते. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट अधिनियमातील कलम 19 प्रमाणे करारात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे, प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता समजावयाचा. कलम 30-अ अन्वये हा नियम परवान्यासही लागू होतो. म्हणजे कायद्याने मौनाचा अर्थ लेखकाच्या हिताचा लाविला. करार लिहिणारा म्हणूनच मौन पाळीत नाही. ‘जगद्व्यापी’ हा शब्द शोभेचा नव्हे.

‘परवाना’ हे नामही तितकेच हेतुपूर्ण दिसते. 2012 च्या दुरुस्तीने कलम 18 मध्ये असे ठरविले की, करारकाळी अस्तित्वात वा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमास, त्याचा स्पष्ट उल्लेख नसल्यास, हक्कांचे अभिहस्तांतरण लागू होणार नाही. लेखकांच्या लिखाणावर यंत्रांना भाषा शिकविली जात असताना या तरतुदीचे मोल सांगावयास नको. परंतु ती अभिहस्तांतरणाविषयी बोलते, परवान्याविषयी नव्हे.

आपल्याकडील लेखकही या बाबतीत बेसावध आहे, आणि त्याला आपल्या शब्दव्यवहाराचा हातभार आहे. ‘मानधन’ आणि ‘स्वामित्वधन’ हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. पहिले आदराने मिळते, दुसरे हक्काने. केवळ मानधनाची सवय झालेल्यास ‘मोबदल्याविना’ हा शब्द खटकत नाही, हे आमचे मत.

एक उपवाक्यही किती वजनदार असते, हे 2009 च्या फेब्रुवारीत दिसले. मजकूर काढून घेताच परवाना संपेल, हा भाग फेसबुकने शर्तींतून गाळला. वापरकर्त्यांनी तीव्र आक्षेप घेतल्यावर त्याच महिन्यात जुनी संहिता परत आणावी लागली. आजच्या शर्तींत हे संपणे आहे, पण अपवादांसह. मजकूर दुसऱ्या कोणी या परवान्यानुसार वापरला असेल आणि त्याने तो काढला नसेल, तर परवाना चालूच राहतो.