चालणे : धातू आणि वाट

लॅटिन 'आंबुलारे' (चालणे, हिंडणे) या धातूची वंशावळ हा रोमान्स भाषाशास्त्रातील जुना वादविषय आहे. रुमानियन 'उंब्ला' ध्वनिनियमांनी सरळ सिद्ध होते. फ्रेंच 'आले' (अर्थ मात्र 'जाणे'; मराठी वाचकाला गंमत वाटावी असे रूप) त्याच धातूशी जोडायचे, तर नियमबाह्य झीज गृहीत धरावी लागते. इटालियन 'आंदारे', स्पॅनिश 'आंदार' यांचे मूळ तर अद्याप निर्विवाद ठरलेले नाही.

मराठीचा ऐतिहासिक विकास १९२० च्या ग्रंथात मांडणाऱ्या झ्यूल ब्लॉक यांची स्वभाषाही फ्रेंचच. तीत 'जाणे' हे क्रियापद तीन निरनिराळ्या मुळांच्या रूपांनी जुळवलेले आहे. मराठीतही 'जातो' हे 'या'पासून, तर 'गेला' हे 'गम्'पासून.

'चालणे'ची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. प्राकृतातील दोन स्वरांमधला एकेरी 'ल' मराठीत 'ळ' होतो. द्वित्त 'ल्ल' मात्र 'ल'च राहतो आणि मागचा स्वर दीर्घ होतो. म्हणून 'चल'पासून 'चळणे' आणि 'चल्ल'पासून 'चालणे'. बुद्धी चळते, पाय चालतात. मूळ 'चल्' एवढेच सांगून नोंद मिटवली, की ही अर्थाची वाटणी हातची निसटते. आपली व्युत्पत्तिचर्चा बहुधा इथेच थांबते.

वास्तविक खरा प्रश्न पुढेच आहे. मालेगावात यंत्रमाग 'चालतो'; त्याच गल्लीतला उर्दूभाषक विणकर ऱ्हस्व स्वराने 'चलता है' म्हणतो. यंत्राला पाय नाहीत, तरी दोन्ही भाषा त्याला चालवतात. स्पॅनिशमध्ये घड्याळही 'आंदार' करते. पुढे 'चालेल' ही संमती होते. इटालियन 'वा बेने' हीदेखील गतिवाचक क्रियापदातूनच आलेली संमती. येथे ध्वनीचे नाते नाही, उसनवारीही नाही. विनाअडथळा गती, त्यातून कार्य, त्यातून मान्यता हा अर्थाचा मार्ग तेवढा समान आहे, आणि तो धातुपाठात सापडणारा नव्हे.

'आंबुलारे' स्वतः मालेगावच्या रस्त्यावर पोचला तो वेगळ्याच वाटेने. फ्रेंचांनी सैन्यामागून फिरणाऱ्या इस्पितळाला दिलेले विशेषण पुढे नाम झाले, इंग्रजीत वाहनाला चिकटले आणि 'ॲम्ब्युलन्स' म्हणून मराठीत आले. मराठीने घडवलेल्या 'रुग्णवाहिके'त चालणे गळून वाहणे आले. मुळात चालत होते ते इस्पितळ, रुग्ण नव्हे.