‘ऑथेल्लो’तील ‘ऑनेस्ट’ : एका शब्दाचे अनेकार्थत्व

एखाद्या शब्दाला अनेक अर्थ असतात हे कोशकार सांगतो. परंतु त्या अर्थांचे परस्परांशी नाते काय, हे सांगणे त्याच्या कक्षेत सहसा येत नाही. तो समीक्षेचा प्रश्न होय. विल्यम एम्प्सन यांनी ‘द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्‌स’ (१९५१) या ग्रंथात या प्रश्नाचा सविस्तर विचार केला आहे. शब्दाचे अर्थ एकापुढे एक मांडून ठेवलेले नसतात. त्यांच्यात एक प्रकारचे समीकरण असते आणि ते समीकरण एखादे मत बोलणाराच्या नकळत त्याच्या गळी उतरविते, असे त्यांच्या विवेचनाचे सार सांगता येईल. ‘ऑथेल्लो’त ‘ऑनेस्ट’ हे विशेषण व त्याचे भाववाचक नाम मिळून ५२ वेळा येतात, अशी त्यांची गणना आहे.

हा शब्द ‘मान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघालेला असून ‘सन्माननीय’ हा त्याचा मूळ अर्थ. पुढे ‘सत्यवचनी’, ‘सचोटीचा’ हे अर्थ त्यास आले. स्त्रीविषयी योजिला असता त्याचा अर्थ ‘शीलवती’ असा होऊ लागला. आणि वरिष्ठाने कनिष्ठास उद्देशून वापरला म्हणजे ‘भला माणूस’ एवढीच किंचित तुच्छतामिश्रित शाबासकी त्यातून व्यक्त होऊ लागली. १६०४ मध्ये या नाटकाचा प्रयोग झाला, त्या वेळी हे सारे अर्थ व्यवहारात होते.

इयागोला हा शब्द जो तो बहाल करितो. ज्या कॅसिओला त्याच्या डोक्यावर आणून बसविण्यात आले, तोही त्यास ‘ऑनेस्ट’ म्हणतो. या स्तुतीतील वरिष्ठपणाचा डंख एम्प्सन यांनी अचूक टिपला आहे. मात्र त्यांच्या विवेचनाचा भर मुख्यतः इयागोवर राहतो, आणि येथे त्यांच्याशी थोडा मतभेद नोंदविणे अवश्य वाटते. शोकांतिकेचे खरे वर्म हा शब्द इयागोकडून डेस्डिमोनाकडे वळतो तेथे आहे.

तिसऱ्या अंकात ऑथेल्लो कॅसिओच्या सचोटीविषयी विचारतो, आणि इयागो तोच शब्द प्रश्नार्थक करून परत करितो. पाहता पाहता शब्दाचा रोख पत्नीच्या शीलाकडे वळतो. ऑथेल्लोला क्षणभर इयागोचाही संशय येतो. परंतु डोळ्यांनी पाहता येईल असा पुरावा तो मागतो तो पत्नीच्या दोषाचा, इयागोच्या सचोटीचा नव्हे. पुरुषास जो शब्द न मागता मिळतो, तोच शब्द स्त्रीस सिद्ध करावा लागतो. आणि ती सिद्धता अखेर एका हातरुमालावर येऊन ठेपते. बियांका ही गणिका. पण तीही एमिलियासमोर आपण तिच्याइतक्याच ‘ऑनेस्ट’ असल्याचे ठणकावून सांगते. शेवटच्या अंकात, इयागो ‘ऑनेस्ट’ आहे, म्हणून त्यास घाणेरड्या कृत्यांची किळस आहे, असे ऑथेल्लो एमिलियास बजावितो. पुरुषाची सत्यवादिता हीच येथे स्त्रीच्या दुःशीलतेची साक्ष ठरली आहे. आणि तलवार हातची गेल्यावर, सचोटीच्या मागे मानाने तरी का जगावे, असे तो स्वतःस विचारतो, तेव्हा एकाच मुळातून निघालेले दोन शब्द समोरासमोर येतात. ही सचोटी कोणाची, हे तो सांगत नाही. सांगण्याची गरजही उरलेली नाही.

महादेवशास्त्री कोल्हटकर यांनी १८६७ मध्ये या नाटकाचे भाषांतर केले, आणि देवलांचे ‘झुंझारराव’ १८९० मध्ये आले. तेव्हापासून मराठी अनुवादकापुढील अडचण एकच आहे. पुरुष ‘प्रामाणिक’ आणि स्त्री ‘पतिव्रता’ अशी वाटणी केली की प्रत्येक वाक्याचा अर्थ बिनचूक उतरतो. परंतु ज्या पुलावरून संशय इकडून तिकडे जातो तो पूलच नाहीसा होतो. ‘सरळ’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा वाटतो. सरळ माणूस म्हणजे निष्कपट. ‘बिचारा सरळ आहे’ यात वरिष्ठाची कीवही आहे. आणि स्त्रीचे पाऊल ‘वाकडे’ पडते, तेव्हा त्या विरोधातून शीलाचा अर्थही सूचित होतो. तथापि ‘सरळ’ शब्दाचे ‘मान’ किंवा ‘अब्रू’ यांच्याशी रक्ताचे नाते नाही, आणि म्हणून शेवटच्या अंकातील प्रश्न त्यात उतरत नाही.

पाठ्यपुस्तकातील टिपाही हीच वाटणी करितात : येथे अर्थ अमुक, तेथे अर्थ तमुक. ती चुकीची नाही, अपुरी आहे. ऑथेल्लोला तशी टीप मिळाली असती तर तो फसला नसता. दोन अर्थ एकच आहेत असे मानून तो बोलला आणि त्याप्रमाणे वागला. अभ्यासकाने अर्थ वेगळे करून दाखवावेत. परंतु नाटकात ते वेगळे राहिले नाहीत, आणि त्यामुळेच एका निरपराध स्त्रीचा बळी गेला, हे विसरू नये.