मुखपृष्ठावर असे लिहिले आहे

समीक्षा पुस्तकाची होते, सिनेमाची होते. मला एका लेबलची करायची आहे.

लेबल लहानसंच. कडक प्लास्टिकच्या पेटीत कॉमिक बंद केलेलं असतं आणि त्याच्या डोक्यावर ही कागदी पट्टी. मजकूर मोजका: कॉमिकचं नाव, अंक, प्रकाशक, महिना-वर्ष आणि एक ठळक आकडा. अंकावर कोणाची सही असेल, पण ती होताना कंपनीच्या माणसानं पाहिलेली नसेल, तर आणखी एक टीप असते. ती साधारण अशी: मुखपृष्ठावर मार्करने ‘स्टॅन ली’ असे लिहिले आहे.

हे वाक्य मी बरेच दिवस डोक्यात घोळवतोय. ‘स्टॅन लीची सही’ असं ते म्हणत नाही. ‘स्टॅन लीची खोटी सही’ असंही म्हणत नाही. लिहिले आहे. कोणी? कर्ता गायब. स्टॅन लीनं लिहिलं असेल, दुकानदारानं लिहिलं असेल, योगायोगानं त्याच नावाच्या एखाद्या पोरानं आपल्या अंकावर स्वतःचं नाव टाकलं असेल. वाक्य तिन्ही शक्यतांना सारखंच लागू पडतं. इतकं सावध लिखाण मी फक्त विम्याच्या कागदांत पाहिलंय.

ज्यांना ही दुनिया माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २००० साली अमेरिकेत सीजीसी ही कंपनी सुरू झाली. तुम्ही कॉमिक पाठवायचं. तिथले लोक पानं मोजतात, कोपरे, घड्या, डाग, पाठीवरच्या पिना बघतात, कुठे रंग भरून दुरुस्ती केलीय का ते तपासतात, आणि ०.५ ते १० या पट्टीवर आकडा देतात. मग अंक पेटीत सीलबंद. या पेटीला संग्राहक ‘स्लॅब’ म्हणतात. आकड्याला किती वजन आहे बघा: सुपरमॅन पहिल्यांदा दिसला तो १९३८चा ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक दहा सेंटला मिळत होता, त्याची ९.० आकड्याची प्रत २०१४ साली ३२ लाख डॉलरला गेली. स्लॅबमधलं कॉमिक वाचता येत नाही. वाचायचं तर पेटी फोडावी लागते आणि पेटी फोडली की आकडा गेला. (वाचायचं नसलेलं पुस्तक ही कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही म्हणा. कित्येक घरांत पोथी लाल कापडात बांधलेलीच असते.)

सही आली की लेबलचा रंग बदलतो. कंपनीचा साक्षीदार हजर, त्याच्या डोळ्यांदेखत सही, आणि तिथून अंक कंपनीच्याच ताब्यात: असं झालं तर पिवळं लेबल. साक्षीदार नसेल तर दोन वाटा. एक हिरवं लेबल. सही तिथे नाहीच असं धरून आकडा दिला जातो आणि सोबत ती टीप लागते. दुसरं नेहमीचं निळं. तिथे सही म्हणजे कोणीतरी मुखपृष्ठावर केलेला गिरगटा, म्हणजे खराबी, आणि त्या मानानं आकडा खाली येतो.

मी पोटासाठी डेटाबेसशी मारामारी करतो. आमच्याकडे नल आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खात्यात शून्य रुपये आहेत, हे एक विधान. खात्यात किती रुपये आहेत ते माहीत नाही, हे दुसरं. नवीन लागलेला पोरगा दोन्ही एकच समजून कोड लिहितो आणि मग रात्री दोन वाजता कोणाचा तरी फोन येतो. हिरवं लेबल नल आहे, निळं शून्य आहे. एकाच सहीबद्दल एकच कंपनी दोन वेगळी विधानं करायला तयार आहे, आणि कोणतं हवं ते गिऱ्हाइकानं ठरवायचं.

बाजारात हिरवं लेबल बदनाम आहे. हिरवं दिसलं की भाव पडतो, काहीतरी गडबड आहे असं लोक धरून चालतात. मला मात्र या सगळ्या रंगांत तेच सगळ्यात प्रामाणिक वाटतं. ‘आम्ही पाहिलं नाही, म्हणून बोलत नाही’ एवढंच ते म्हणतं. माझी तक्रार निळ्याबद्दल आहे. न कळणं ही तपासणाऱ्याची अवस्था असते. निळं लेबल ती वस्तूचा दोष म्हणून लावतं. आपल्याला वाचता येत नाही म्हणून पत्र फाटकं ठरवावं, तसं हे आहे.

मग तज्ज्ञांना का विचारत नाही? विचारतात. २०१४ साली निघालेल्या सीबीसीएस या कंपनीनं नेमकं तेच केलं: साक्षीदार नसलेली सही हस्ताक्षराच्या जाणकारांकडून तपासायची, पटली तर लाल लेबल. पुढे सीजीसीनंही जेएसए या सह्या तपासणाऱ्या कंपनीला हाताशी धरलं. हे बरंच आहे, पण यात विधानाची जात बदलते. पिवळं लेबल म्हणतं, आम्ही पाहिलं. लाल म्हणतं, आम्हाला वाटतं. शिवाय वाटायला नमुने लागतात. ज्याच्या हजारो सह्या बाजारात फिरतायत त्याची सही ताडून बघणं सोपं. जो माणूस शाळकरी पोरांना देवनागरीत सही करून देत होता, त्याचे नमुने अमेरिकेतल्या कोणत्या कपाटात सापडणार?

आणि साक्षीदाराची पद्धत काळाच्या मागे जात नाही. जॅक कर्बी १९९४ साली वारला. अमेरिकन सुपरहिरो ज्यानं अर्ध्याहून अधिक उभे केले असं म्हटलं तरी फारसं कोणी भांडणार नाही, त्या माणसाची एकही सही साक्षीच्या पिवळ्या लेबलात बसू शकत नाही, कारण त्याच्या हयातीत साक्षीदार पुरवणारी कंपनीच नव्हती. आपल्याकडचे अनंत पै २०११ साली गेले. तेव्हा कंपनी होती, पण तिचा माणूस पुण्यातल्या पुस्तक प्रदर्शनात कशाला उभा राहील?

अनंत पैंचं नाव मी उगाच घेतलेलं नाही. घोडेगावला माझ्या मामांकडे ‘अमर चित्र कथा’मधला मराठी ‘शिवाजी’ आहे, प्रताप मुळीकांच्या चित्रांचा. ज्या किल्ल्यावर नायकाचा जन्म झाला तो घोडेगावहून एसटीनं तासाभरावर, त्यामुळे हा अंक त्या घरात जरा जास्तच हाताळला गेलाय. पाठ उसवलीय, एक पिन गंजलीय. मुखपृष्ठावर दोन नावं आहेत. वर निळ्याकाळ्या शाईत मामांचं स्वतःचं नाव आणि ‘इ. ५ वी ब’. खाली बॉलपेननं, तिरकं, ‘अंकल पै’. मामा म्हणतात, पुण्याच्या प्रदर्शनात त्यांनी स्वतः करून दिली. सोबत मोठा भाऊ होता. तो आता नाही.

ग्रेडिंगसाठी अंक परदेशी पाठवून देणाऱ्या एका मध्यस्थाला मी फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं: दोन्ही नावं रायटिंगमध्येच धरतील, हिरवं घ्या नाहीतर निळं, आकडा तसाही खालचाच येणार. तो काही चुकीचं सांगत नव्हता. पण ‘दोन्ही नावं’ हे शब्द मला टोचले. एक नाव मालकाचं, दुसरं बहुधा संपादकाचं. लेबलवर दोघांसाठी क्रियापद एकच: लिहिले आहे.

मी मामांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, “आणि त्या पेटीतून काढून वाचता येतं का?”

“नाही मामा. फोडावी लागते.”

“मग तुझ्या पोरांना काय दाखवू, आकडा?”

अंक पाठवायचा नाही हे तिथेच ठरलं. पण ती सही खरी का, हा प्रश्न माझ्यापुरता सुटला नव्हता, म्हणून मी अंकाकडे जरा नीट बघायला लागलो. मामा आधी म्हणत होते की प्रदर्शन पाचवीत असतानाचं, म्हणजे १९७८-७९. इथे एक खडा लागतो. ‘अंकल पै’ हे नाव घराघरांत गेलं ते ‘टिंकल’मुळे, आणि ‘टिंकल’ १९८० साली सुरू झालं. त्याआधी कोणी पोरांना या नावानं सही देत असेल, हे जरा ओढून ताणून वाटतं. संशयाला ही जागा पुरेशी आहे. पण मग शाईकडे बघा. वरचं नाव शाईच्या पेनानं, खालचं बॉलपेननं. वरचं नाव अंक घेतला तेव्हा, म्हणजे पाचवीत पडलं असेल. सही दोनतीन वर्षांनी, तोच अंक पिशवीत घालून नेल्यावर. मामांच्या डोक्यात दोन प्रसंग एकमेकांत मिसळले. खालचं नाव वरच्या नावाला चुकवून, उरलेल्या जागेत तिरकं बसवलंय, हेही याच बाजूनं बोलतं. खोटी सही करणारा पोरगा १९७८ सालीच ‘अंकल’ लिहील, हे कठीण. ८१ साली लिहू शकेल, पण तेव्हा मामा आठवीत, आणि आठवीतला पोरगा स्वतःच्याच अंकावर कोणाला फसवायला लिहिणार?

सिद्ध काहीच झालं नाही. सही बहुतेक खरी आहे एवढंच म्हणता येतं. तरी बघा, ज्या नावामुळे आकडा घसरणार होता, त्या ‘इ. ५ वी ब’वाल्या नावानंच सहीच्या बाजूनं सगळ्यात जास्त काम केलं. अंक कोरा असता तर माझ्या हातात तारीख पकडायला काहीच नव्हतं.

कागदाकडे असं बघण्याची शिस्त पुण्यात जुनी आहे. राजवाड्यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, आणि वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं तपासताना मराठी अभ्यासकांना आपली भाषा सापडली: अस्सल, नक्कल, बनावट. नक्कल म्हणजे मूळ नव्हे, पण टाकाऊही नव्हे. मूळ हरवलं तर तीच तोलूनमापून वापरायची. बनावट कागदसुद्धा कोणाला, कधी, कशासाठी बनवावासा वाटला हे सांगतो. प्रश्न एका शिक्क्यानं मिटत नाही. शिक्का, मोर्तब, कालगणना, अक्षर, भाषा, सगळं एकमेकांशी ताडून बघायचं.

पिवळ्या लेबलची कल्पनाही आपल्याला नवी नाही. वतनाच्या भांडणाचा निकाल लागला की महजर लिहीत आणि त्यावर हजर असलेल्यांची साक्ष पडे. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या कामाचं चिन्ह काढी; पाटलाची निशाणी नांगर. जुन्नर हा तर परगण्याचा गाव, या मुलखातल्या पाटलांनी असे किती नांगर काढले असतील! पण फरक मोठा आहे. महजरावर साक्षीदार नावानिशी, गावानिशी हजर असतो. हा पाटील कोणाच्या बाजूचा, त्याचं यात काय अडकलंय, हे तीनशे वर्षांनीही विचारता येतं. पिवळ्या लेबलमागचा साक्षीदार म्हणजे कंपनी. तो कोण होता, त्यानं काय पाहिलं, हे लेबल वाचणाऱ्याला विचारता येत नाही. खोटे महजर झाले नाहीत असं नाही, भरपूर झाले. पण ते पकडले गेले तेही असेच प्रश्न विचारून.

जुन्नरहून घाटघरच्या बाजूला नाणेघाटात गेलात तर लेण्यात भिंतीवर सातवाहनांची नावं कोरलेली दिसतील, सिमुक, नागनिका, सातकर्णी. नावांखाली त्यांचे पुतळे होते. आता पावलांच्या खुणांपलीकडे फारसं काही उरलेलं नाही. लेबलं शाबूत, माल गेला. स्लॅबांच्या बाजारात नेमकं हेच चालतं असं मला अधूनमधून वाटतं: लोक आकडा घेतात, आकड्याखाली काय आहे ते त्यांना पुन्हा बघायचं नसतं. (आमचा तालुकाही त्यातलाच. नाव आंबेगाव, आणि मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात.)

ग्रेडिंग बंद करा असं माझं म्हणणं नाही. एकमेकांना कधीही न भेटणाऱ्या दोन माणसांना सौदा करायचा असेल तर मधे कोणीतरी तिऱ्हाईत लागतोच. माझी मागणी एका साध्या बदलाची आहे, जो आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात: दोन वेगळ्या गोष्टी एका रकान्यात कोंबू नका. कागदाची अवस्था एका रकान्यात. सही कोणाची असल्याचा दावा आहे ते दुसऱ्यात. तो दावा कोण करतंय आणि कशावरून, हे तिसऱ्यात, आणि तो रकाना रिकामा असेल तर रिकामाच दिसू द्या. ‘मालकाच्या सांगण्यानुसार, पुणे, १९८१च्या सुमारास’ एवढी ओळ छापायला शाई कितीशी लागते?

तोवर आपल्या घरातले अंक आपणच सांभाळायचे आहेत. गेल्या दिवाळीत मी मामांना त्या सहीबद्दल पुन्हा सगळं सांगायला लावलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं. नऊ मिनिटांचं आहे. त्यात ते वर्ष दोनदा बदलतात, प्रदर्शन कुठे होतं ते एकदा चुकीचं सांगून लगेच सुधारतात, आणि मधेच भावाच्या सायकलबद्दल बोलत बसतात. मी काही कापलेलं नाही. फाईलच्या नावात तारीख टाकलीय, आणि अंक ज्या कपाटात आहे त्याच्या दाराला आतून एक चिठ्ठी चिकटवलीय, रेकॉर्डिंग कुठे सापडेल ते लिहून.