नापाची द्राक्षे आणि केल्मारची गाडी

नापा खोऱ्यातील पुस्तकांच्या दुकानी लेखकांची वाचने होतात. त्या मुलखात १८८० साली स्टीव्हन्सन नवपरिणीत पत्नीसह राहिला. त्याच्या ‘द सिल्व्हराडो स्क्वॉटर्स’मधले वाइनचे प्रकरण रसाळ आहे खरे. पण पुढल्या भागाचे नाव वाचा : ‘इस्राएलच्या लेकरांसंगे’. म्हणजे आपलेच नाव! त्यात केल्मार हा यहुदी दुकानदार त्यांना गाडीतून डोंगरावरची ओसाड खाणवस्ती दाखवतो. लेखक त्या कुटुंबावर लोभावतो. तरी यहुदी दुकानदार गावकऱ्यांना कर्जात जखडतात, असा ठपकाही ठेवतो. माणूस आवडला, समाज मात्र नाही! कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेलेल्या आपण या पुस्तकाचे वाचन ठेवलेच, तर वाइनचे पान वाचावे आणि केल्मारचेही गाळू नये.