न झालेले वादळ

मास्तरकी सुटते, लाल शाई सुटत नाही. मला निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी लग्नपत्रिका हातात आली की मी आधी 'आशीर्वाद'मधला रफार पाहतो आणि मग नवरामुलगा कोण ते. दारव्ह्यातल्या दुकानांच्या पाट्या मी मनातल्या मनात इतक्या वेळा दुरुस्त केल्या आहेत, की त्या खरोखरच दुरुस्त झाल्या तर मला बाजारात चुकल्याचुकल्यासारखे होईल. अशा माणसाच्या हाती 'कुणीही या, दुरुस्त करा' असे सांगणारा ज्ञानकोश पडला तर काय होईल? माकड आणि कोलिताची म्हण मी इथे वापरत नाही, कारण ती आमच्या घरात वापरून झालेली आहे.

ज्ञानकोश म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे येतात ते डॉ. केतकरांचे तेवीस खंड. केतकर शाळा शिकले अमरावतीला, त्यामुळे ज्ञानकोश हा प्रकार आम्हां वऱ्हाडकरांना घरचाच वाटतो. छापील कोशातली चूक पुढच्या आवृत्तीपर्यंत टिकते, म्हणजे बहुधा कायमची. हा नवा कोश संगणकावरचा. नातवाने बोट ठेवून दाखवले, "आजोबा, इथे दाबा आणि लिहा." जन्मभर ज्याची वाट पाहिली ते असे एका बोटावर आले.

मी उघडलेला पहिलाच लेख मुंबईच्या चक्रीवादळाचा. शेजारचे भाऊ म्हणाले, "गुरुजी, आपल्या इकडं वावटळ आली त घरावरचे टिनं उडते. मुंबईच्या वाऱ्याशी आपल्याले काय कराचं हाये?"

करायचे होते ते असे. ६ जून १८८२ रोजी मुंबईवर चक्रीवादळ आदळले आणि एक लाख माणसे मेली, हे वाक्य मी भूगोलाच्या तासाला वर्षानुवर्षे सांगत आलो. कुठल्याशा सामान्यज्ञानाच्या पुस्तिकेत ते मिळाले होते. मी ते नुसते सांगत नसे. हातवारे करून लाटा उठवी आणि 'एक लाख' म्हणताना डस्टर टेबलावर आपटी. पुढच्या बाकावरची पोरे खडूच्या धुळीने पांढरी होत आणि वादळाचा परिणाम साधला जाई. एके वर्षी शकुंतला गाडीने मोतीबाग स्टेशनवर उतरून शाळेत येणाऱ्या एका पोराने विचारले, "सर, मंग एवढ्या लोकायले जाळलं कुठं?" वर्ग हसला. मी त्याला बाकावर उभे केले.

आता तेच वाक्य ज्ञानकोशात समोर आले, आणि मी चष्मा पुसून परीक्षकाच्या नजरेने वाचू लागलो. लेख पाचसहा ओळींचा. पहिला दोष असा, की तारीख अगदी चोख आणि आकडा अगदी गोल. जेवणावळीला किती पान उठले हे यजमानाला विचारावे, तसा आकडा. दुसरा दोष, लेखात माणूसच नाही. एक लाख मेले म्हणता, त्यांतल्या एकाचे तरी नाव? एखादे बुडालेले जहाज, पडलेली चाळ, वाहून गेलेला कोळीवाडा? काही नाही. तिसरा दोष गणिताचा. १८८१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती होती ७,७३,१९६. त्यांतले एक लाख म्हणजे आठांत एक. छप्पन पोरांच्या वर्गातली सात पोरे एका दिवसात नाहीशी व्हावीत, आणि हजेरीपटावर त्याची खूणही नसावी!

आणि मुंबई त्या काळी काही जंगलात नव्हती. कुलाब्याच्या वेधशाळेत हवेच्या दाबाची नोंद होत होती. वर्तमानपत्रे इंग्रजीही होती, मराठीही होती. पुण्याला 'केसरी' निघून दीड वर्ष झाले होते. त्याच 'केसरी'च्या टिळक-आगरकरांवर कोल्हापूर प्रकरणात बदनामीचा खटला चालला तो मुंबईच्या हायकोर्टात, जुलै १८८२ मध्ये; आणि दोघांची रवानगी झाली डोंगरीच्या तुरुंगात. महिन्यापूर्वी ज्या शहरात लाख मुडदे पडले, तिथले हायकोर्ट महिन्याभरात अब्रूची मोजदाद करायला सावकाश बसले असेल, हे माझ्या बुद्धीला पटेना. अब्रू मोठी खरी, पण एवढी?

मी तोच निकाल दिला. सगळा लेख पुसून टाकला आणि समाधानाने चहा मागितला.

चहा येण्याच्या आत लेख परत आला! कुणा अदृश्य माणसाने तो होता तसा ठेवून खाली शेरा मारला होता : 'संदर्भ द्या.' जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांवर शेरे मारलेल्या माणसाला शेरा मिळणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. मी तणतणलो. घडलेल्याचा संदर्भ देता येतो. न घडलेल्याचा आणायचा कुठून? नातू म्हणाला, "आजोबा, शोधू या की." त्याला शोधायला तीन मिनिटे लागली. मला लागली होती सगळी नोकरी.

निघाले ते असे. मुंबईवर मोठे वादळ आले तर काय, हा प्रश्न कादंबरीकार अमिताव घोष यांनी कोलंबिया विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ अॅडम सोबेल यांच्याकडे नेला. घोष यांचे त्यावरचे पुस्तक २०१६ साली आले. सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञही होते. निष्कर्ष असा, की १८८२ चे ते वादळ झालेच नाही. एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरत उतरत ते सगळीकडे पोचले होते. त्या वाटेवर दारव्हा हे एक स्टेशन होते आणि स्टेशनमास्तर मी.

तेव्हा कुठे कळले, की शेरा मारणाऱ्याचे बरोबर होते. लेख पुसणे ही दुरुस्ती नव्हेच. मी पुसला असता, तर उद्या कुणी जुन्या पुस्तिकेतून तो पुन्हा लिहिला असता. तो राहू द्यावा, फक्त पहिले वाक्य बदलावे : हे वादळ झाले नाही, त्याची बातमी मात्र झाली. पुढे त्या बातमीचे चरित्र लिहावे.

आणि शेजारी दुसऱ्या लेखाला जागा द्यावी. १ नोव्हेंबर १८५४ च्या रात्री मुंबईवर खरेच वादळ आले होते. चार तासांत हजाराच्या आसपास माणसे गेली आणि पाच लाख पौंडांची मालमत्ता नष्ट झाली, असे जुन्या नोंदी सांगतात. ही हजार माणसे मी एकदाही वर्गात सांगितली नाहीत. लाखापुढे हजारांची काय किंमत! न मेलेल्या लाखांनी मेलेल्या हजारांना ढकलून बाहेर काढले ते असे.

शिवाय लबाड वादळ वजा केले म्हणजे मुंबईला वादळाचे भय नाही, असे समजणारेही निघतील. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर चढले. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' मुंबईजवळून गेले, तेव्हा भर समुद्रात पी-३०५ हा बार्ज बुडून साठांहून अधिक कामगार दगावले. खऱ्याला लाखाची गरज लागत नाही.

लेख दुरुस्त झाला, या वेळी टिकला. उरली एकच दुरुस्ती. शकुंतला गाडी आता बंद पडली, पण तिने येणारा तो पोरगा गावातच बियाण्यांचे दुकान चालवतो. मी गेलो. त्याने चटकन खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. मी म्हटले, "बाबू, एकदा वर्गात तू मला विचारलं होतंस, जाळलं कुठं म्हणून. जाळायला कुणी मेलंच नव्हतं रे!"

तो जरा आठवत राहिला. मग म्हणाला, "थे वादळगिदळ काई आठवत नाही, सर. पन मले बाकावर कायले उभं केलं होतं?"

चहा गरम होता. तो संपेपर्यंत मी खुर्चीवर बसलो नाही.