सर्वांत अवघड वाक्य : ‘आता बोर्ड पेटीत बसवा’

शोधनिबंधातला कुठला विभाग आपण सगळ्यात घाईनं वाचतो? ‘पद्धती’. निष्कर्ष वाचतो, आलेख बघतो, चर्चेत काय म्हटलंय ते खाली रेघ मारून ठेवतो. पद्धतीवरून मात्र नजर सरकते. पीएचडीला प्रवेश घेतला की पहिल्या सहा महिन्यांत त्याच विभागाकडे परत यावं लागतं, आणि तेव्हा लक्षात येतं की तिथं लिहिलंय ते सगळं खरं आहे, पण तेवढ्यावर काम होत नाही.

हा विभाग नीट वाचायची सवय लावायची असेल तर माझा एक सल्ला आहे, थोडा विचित्र वाटेल. रेडिओ किटच्या जोडणी-पुस्तिका वाचा. किट नसलं तरी चालेल, बऱ्याच पुस्तिका इंटरनेटवर मिळतात. निबंधातली पद्धत अपुरी आहे हे कळायला वर्ष जातं; पुस्तिका अपुरी असेल तर रेडिओ त्याच संध्याकाळी गप्प बसतो. आज तीन किटांकडे या नजरेनं बघू. माझी कसोटी एकच आहे: हाताला अवघड जाणाऱ्या पायरीवर लिहिणारा वाचकाच्या सोबत थांबतो, की एका वाक्यात निसटतो?

हाताला अवघड म्हणजे नेमकं काय

रेझिस्टर बोर्डावर सोल्डर करणं तसं सोपं. रंगपट्टे वाचा, भोकात घाला, डाग द्या. चुकलं तर काढता येतं. खरी अडचण यांत्रिक पायऱ्यांची असते, आणि ती तीन प्रकारची.

पहिली अडचण क्रमाची. आयआरएफ ५१० सारखा पॉवर ट्रान्झिस्टर हीट सिंकला स्क्रूनं आवळायचा असतो आणि त्याचे तीन पाय बोर्डाला सोल्डर करायचे असतात. आधी काय? आधी पाय सोल्डर केले आणि मग स्क्रू आवळला, तर ट्रान्झिस्टर हीट सिंककडे ओढला जातो आणि सगळा ताण पायांवर आणि बोर्डाच्या तांब्यावर येतो. म्हणून आधी आवळायचं, मग सोल्डर करायचं. शिवाय त्याची धातूची पाठ आतून ड्रेनला जोडलेली असते, म्हणजे तिच्यावर सप्लायचं व्होल्टेज असतं. त्यामुळे हीट सिंक पेटीला टेकत असेल तर मध्ये अभ्रकाची चकती आणि स्क्रूभोवती प्लॅस्टिकचा वॉशर हवाच. सर्किटच्या आकृतीत यातलं काहीही दिसत नाही.

दुसरी अडचण परत न फिरता येण्याची. स्टेशन लावायचा प्लॅस्टिकचा छोटा गँग पॅनेलवर बसवताना स्क्रू दोन मिलिमीटर जास्त लांब निघाला, तर तो आत शिरून पत्र्यांना लागतो. गँग गेला. बोर्ड आत असताना पेटीला भोक पाडलं, तर पत्र्याचा कीस बोर्डावर पडतो आणि नंतर कुठे शॉर्ट होईल सांगता येत नाही.

तिसरी अडचण हाताच्या सवयीची. टोरॉइड, म्हणजे मेदुवड्याच्या आकाराची छोटी चुंबकी कडी, तिच्यावर तार गुंडाळायची. तार मधल्या भोकातून एकदा गेली की एक वेढा. हे माहीत नसलं तर बाहेरून दिसणारे फेरे मोजले जातात आणि एक वेढा कमी-जास्त होतो. एका वेढ्यानं काय बिघडतं? इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. १६ ऐवजी १७ वेढे झाले तर तो जवळपास १३ टक्क्यांनी वाढतो. कपॅसिटर तोच असेल तर ७ मेगाहर्ट्झवर जुळायला हवं ते सर्किट ६.६ च्या आसपास जुळतं. आपल्याकडे हॅम मंडळी वापरतात तो ४० मीटरचा पट्टा ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ एवढाच आहे. म्हणजे एका वेढ्यात आपण अख्ख्या पट्ट्याच्या बाहेर.

हीथकिट : प्रत्येक पायरीसमोर एक चौकट

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या बेंटन हार्बर इथली हीथ कंपनी. १९४७ मध्ये तिनं युद्धातून उरलेले सुटे भाग वापरून ऑसिलोस्कोपचं किट काढलं, आणि मग १९९२ पर्यंत रेडिओ, ट्रान्समीटर, टीव्ही असं कायकाय किट म्हणून विकलं. आम्ही तुम्हाला अपयशी होऊ देणार नाही, हे कंपनीचं वचन होतं, आणि त्याचा भार मुख्यतः पुस्तिकेवर होता.

या पुस्तिकांत प्रत्येक पायरीसमोर खूण करायला मोकळी जागा असते. तार कुठल्या रंगाची, किती इंच कापायची, टोकं किती सोलायची, हे लिहिलेलं असतं. स्क्रूचा आकार, लांबी, खालचा वॉशर, नट, सगळं त्या त्या पायरीत. मला सगळ्यात आवडते ती एक बारकीशी खूण. एखाद्या टोकाला तार जोडायची पण अजून सोल्डर करायची नसेल तर ‘एनएस’ लिहितात. सोल्डर करायची वेळ आली की ‘एस-२’, ‘एस-३’ असं. त्यातला आकडा सांगतो की या क्षणी त्या टोकावर किती तारा असायला हव्यात. तुमच्याकडे दोनच असतील आणि पुस्तिका तीन म्हणत असेल, तर मागे कुठेतरी एक पायरी सुटलीय. एका आकड्यात सूचना आणि तपासणी दोन्ही. लिहिणाऱ्यानं वाचकाच्या चुका आधी पाहिल्या आहेत, आणि रागावण्याऐवजी त्या पकडायची सोय केलीय.

शेवटी अडचण आल्यास काय करावं याचा भाग असतो. त्यात आपलं काम दुसऱ्या कुणालातरी तपासायला द्या असा सल्ला येतो, कारण करणारा माणूस तीच चूक पुन्हा पुन्हा नजरेआड करतो. थीसिस लिहिणाऱ्या प्रत्येकानं हे भिंतीवर लावावं.

आता उणी बाजू. खुणा करत करत शेवटपर्यंत जाता येतं आणि रेडिओ वाजतोही, पण ही तार इथून का गेली हे जोडणाऱ्याला माहीत असेलच असं नाही. सर्किटचं वर्णन पुस्तिकेत असतं, पण वेगळ्या भागात. पायरी आणि कारण एकत्र भेटत नाहीत. प्रयोगशाळेतल्या लिखित प्रोटोकॉलचीही हीच गत आहे. पायऱ्या पाठ, पण एक रसायन संपलं की हात थांबतो.

एलेक्राफ्ट के२ : शहाणपण वस्तूत उतरवलेलं

वेन बर्डिक आणि एरिक स्वार्ट्झ यांनी १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात एलेक्राफ्ट सुरू केली. त्यांचं के२ हे किट बरंच मोठं, शेकडो भागांचं. पण तारांचं जंजाळ जवळजवळ नाही. बोर्ड एकमेकांत घुसतात. म्हणजे जिथं हात चुकतो ती जागाच रचनेतून कमी केली.

समोरच्या पॅनेलवरची बटणं बोर्डापासून एकसारख्या उंचीवर बसायला हवीत, नाहीतर काही दबतील आणि काही अडकतील. असल्या ठिकाणी ‘काळजीपूर्वक बसवा’ असं लिहून मोकळं होता आलं असतं. के२ मध्ये त्यासाठी एक छोटा तुकडा दिलाय. तो बटणाखाली धरायचा, सोल्डर करायचं, काढायचा, पुढच्या बटणाला. ‘काळजीपूर्वक’ हा शब्द मला पद्धती विभागात दिसला की मी सावध होते. बहुतेक वेळा तो शब्द म्हणजे लिहिणाऱ्याला माहीत आहे पण सांगता आलेलं नाही अशा गोष्टीवरचं झाकण असतं. इथं त्या झाकणाच्या जागी एक वस्तू आहे.

दुसरं, पुस्तिका अधूनमधून थांबवते. एवढं झालं, आता मोजा, वीज द्या, चाललं तर पुढे. रेडिओच्या आतच व्होल्टमीटर आणि फ्रिक्वेन्सी काउंटर आहे, त्यामुळे अर्धवट रेडिओ उरलेल्या अर्ध्याची तपासणी करतो. चूक झालीच तर ती शेवटच्या टप्प्यातली, हे कळतं. शंभर पायऱ्यांतली नव्हे.

तरीही टोरॉइडपाशी ही पुस्तिकासुद्धा हरते. चित्रं आहेत, वेढे कसे मोजायचे ते आहे, इनॅमल काढून टोकं कथलाईत करायला सांगितलंय. पण तार किती ताणून ओढायची हे कागदावर कसं सांगणार? म्हणूनच आयते गुंडाळलेले टोरॉइड विकत घेणारेही बरेच होते. ही मर्यादा लेखकाची नाही, लेखनाची आहे.

मायक्रो बिटएक्स : सर्किट तुमचं, पेटीही तुमचीच

आता घराजवळ. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी २००३ मध्ये बिटएक्स २० ची रचना खुली केली. त्यात परदेशी टोरॉइड मिळत नसतील तर नळाच्या वॉशरवर गुंडाळा, असा तोडगा होता. प्लंबरच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूवर १४ मेगाहर्ट्झचा रेडिओ! भाग मिळत नाहीत म्हणून हात आखडून बसलेल्यांना यानं उभं केलं. त्याची माहिती वाचताना कारणंही कळतात. हीथकिटमध्ये जे वेगळं पडतं ते इथं एकत्र आहे.

२०१७ च्या अखेरीस आलेल्या मायक्रो बिटएक्समध्ये बोर्ड तयारच मिळत होता. अवघड सोल्डरिंग संपलं. पण पेटी मिळत नव्हती. अँटेना, माइक, स्पीकर, आवाजाचं बटण यांच्या तारा जोडायच्या आणि सगळं एखाद्या पेटीत बसवायचं. माझी तक्रार इथं आहे.

सुरुवातीच्या आवृत्तीत डिस्प्लेचा बोर्ड मुख्य बोर्डावर उभा बसतो. त्यामुळे मुख्य बोर्ड कुठं बसणार यावर डिस्प्लेची खिडकी कुठं कापायची ते ठरतं. खिडकी आधी कापली की बोर्डाची चार भोकं तिला बांधली गेली. पॉवर ट्रान्झिस्टरांच्या हीट सिंकवर व्होल्टेज असतं, म्हणून झाकण त्यांना टेकता कामा नये. म्हणजे पेटीची उंचीही ठरली. बोर्डाच्या मापाचा कागद कापून पेटीवर चिकटवायचा, भोकांच्या जागा टोचून घ्यायच्या, बोर्ड दूर ठेवून ड्रिल करायचं, कडा कानशीनं घासायच्या, मग खालून स्टँडऑफ लावून बोर्ड बसवायचा. हे सगळं ‘पेटीत बसवा’ या दोन शब्दांत राहतं. तापकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला सामान मिळेल, पण क्रम मिळणार नाही.

खुल्या रचनेत पेटी ज्याची त्याची, हे मान्य. पण पेटी वेगळी असली तरी क्रम तोच राहतो, आणि तो लिहिता येतो. ज्याच्या घरी कुणी सुतारकाम-फिटरकाम केलेलं नाही, त्याला तयार बोर्ड हाती असूनही रेडिओ पूर्ण करता येत नाही. आणि तो काय समजतो? ‘आपला हात चांगला नाही.’

निबंधातही अशी पेटी असते

हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञानं १९७४ मध्ये ब्रिटनमधल्या प्रयोगशाळांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांना टीईए लेसर नावाचा एक नवा लेसर बांधायचा होता. निबंध छापलेले होते. फक्त छापील मजकुरावरून तो चालू करण्यात कुणालाही यश आलं नाही. ज्यांना जमलं त्यांचा आधी बांधणाऱ्यांशी प्रत्यक्ष संबंध होता. एक कळीची गोष्ट होती कपॅसिटरपासून इलेक्ट्रोडपर्यंतच्या तारेची लांबी. आकृतीत ती एक रेघ असते. प्रत्यक्षात ती आखूड ठेवायची म्हणून जड कपॅसिटर उलटे टांगावे लागले. म्हणजे जी गोष्ट निव्वळ ‘फिटिंग’ वाटते, तीच विज्ञान होती.

संशोधनाला येताना म्हणून हे लक्षात ठेवा. छापील पद्धतीवरून काम झालं नाही, तर लगेच स्वतःच्या हाताला दोष देऊ नका. आधी विचारा: कुठलं वाक्य दहा पायऱ्या गिळून बसलंय?

या आठवड्यात एक करून बघा. तुमच्या विषयातला एक निबंध घ्या आणि पद्धती विभागातल्या प्रत्येक वाक्याला चार प्रश्न विचारा. याच्या आधी काय व्हायला हवं? इथं चुकलं तर मागे येता येईल का? बरोबर झालं हे कसं कळेल? ‘काळजीपूर्वक’, ‘योग्य प्रकारे’ असे शब्द कशावर झाकण घालतात? उत्तर नसेल तिथं पेन्सिलीनं फुली मारा. त्या फुल्या म्हणजे तुमच्या गाइडला, लॅबमधल्या सीनियर ताई-दादांना आणि सगळ्यात आधी वर्कशॉपमधल्या तंत्रज्ञ काकांना विचारायच्या प्रश्नांची यादी. मिळालेली उत्तरं वहीत लिहा, स्क्रूच्या लांबीसकट. तुमच्यानंतर त्या टेबलावर बसणाऱ्याला ती वही निबंधापेक्षा जास्त उपयोगी पडेल.